इंग्रजी मेसेजमध्ये ‘जर-तर’ कसं लिहायचं?

मित्राला इंग्रजीत कळवायचंय: ‘तू ओझरला आलास तर विघ्नहराच्या दर्शनाला जाऊ.’ इथे ‘आलास’ हे रूप भूतकाळाचं, पण गोष्ट पुढची. म्हणून ‘इफ यू केम’ लिहिलंत, तर ‘तू येणं तसं अवघडच’ असा अर्थ निघतो.

• शक्य आहे: ‘इफ यू कम, वी विल गो.’ ‘इफ’च्या भागात ‘विल’ नको.
• नुसती कल्पना (‘तू इथे राहत असतास तर…’): ‘इफ यू लिव्ह्ड हिअर, वी वुड मीट डेली.’
• संधी गेली (‘आला असतास तर…’): ‘इफ यू हॅड कम, वी वुड हॅव गॉन.’

‘केम’चं स्पेलिंग बरोबरच असतं, त्यामुळे स्पेलचेक लाल रेघ दाखवत नाही. सेंड दाबण्याआधी एकदा स्वतःच वाचा.