नाव कुणाला, मुलाला की विकाराला?

आमच्या शाळेत एक मुलगा होता. मधूनच घरातून पळून जायचा, दोन-तीन दिवसांनी कुणीतरी त्याला धरून आणायचं. आम्ही त्याला ‘पळपुट्या’ म्हणायचो, मास्तरही म्हणायचे. बालमनोविकारांच्या वर्गीकरणाचा इतिहास वाचताना मला तो आठवला. का, ते सांगतो.

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनची ‘डीएसएम’ ही मनोविकारांची सूची १९५२ साली निघाली. तीत मुलांसाठी नावं अगदी मोजकी होती. लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं निरीक्षण करून स्वमग्नतेचं वर्णन १९४३ मध्येच छापलं होतं, पण सूचीत तिला स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० साली. तोवर अशा मुलांना बालपणीच्या स्किझोफ्रेनियाच्या खान्यात टाकलं जाई. योग्य नाव नसलं की मूल असं चुकीच्या खान्यात जातं.

आता उलट बाजू बघा. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत मुलांच्या वर्तनविकारांचा वेगळा गट आला. त्यात चक्क ‘घरातून पळून जाणे’ हाही एक विकार होता! गंमत म्हणजे, ही मुलं धास्तीच्या परिस्थितीतून पळतात, घरी आपण नकोसे आहोत असं त्यांना वाटतं, हे त्याच वर्णनात नोंदवलेलं होतं. म्हणजे कारण घरात दिसत होतं, आणि विकार मात्र मुलाच्या नावावर चढला.

यातून वाट काढायचा प्रयत्न जागतिक आरोग्य संघटनेच्या १९६७ च्या पॅरिस बैठकीत झाला. मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन अक्षांची योजना पुढे आणली: विकाराची लक्षणं एका अक्षावर, बौद्धिक पातळी दुसऱ्यावर, आणि शरीरातली वा परिसरातली कारणं तिसऱ्यावर. पुढे कौटुंबिक-सामाजिक परिस्थितीला स्वतंत्र अक्ष मिळाला. रटर यांचा आग्रह असा, की वर्गीकरण विकारांचं करायचं, मुलांचं नाही. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा भेद मोलाचा वाटतो. ‘याला अमुक त्रास आहे’ आणि ‘हा अमुक आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत.

१९८० मध्ये पळून जाण्याचा तो स्वतंत्र विकार सूचीतून गेला. वर्तनविकाराचं एक लक्षण म्हणून तेवढा उरला. आमच्या त्या वर्गमित्राचं नाव मात्र गेलं नाही. त्याच्या घरी काय चाललंय, हे आम्ही कुणी कधी विचारलंच नाही. नाव ठेवलं होतं ना, मग विचारायचं कशाला?