पहिली अमेरिका वारी: नकाशा आधी की पत्ता आधी?

ज्यांना ऑफिसात इअरफोन लावता येत नाहीत त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर.

यवतमाळ, पुसद, वणीकडच्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो. "पहिल्यांदाच अमेरिकेला चाललोय, दहा दिवस आहेत, काय काय बघू?" मग उत्तरांचा नुसता पाऊस. न्यूयॉर्क बघ, नायगारा बघ, वेगास सोडू नको, ग्रँड कॅन्यन तर बघच. भारताच्या जवळपास तिप्पट मोठा देश, आणि दहा दिवसांत पूर्व किनारा ते पश्चिम किनारा! म्हणजे अर्धी सुट्टी विमानतळाच्या रांगेत गेली म्हणून समजा.

हाच प्रश्न सुमारे १४० वर्षांपूर्वी दोन मराठी बायकांसमोर होता. तेव्हा आपली शकुंतला रेल्वेसुद्धा अजून रुळावर आली नव्हती. पण त्या दोघींनी कुठं जायचं हे कसं ठरवलं, ते आजही कामाचं आहे.

पहिल्या आनंदीबाई जोशी. जन्म १८६५, नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव पोस्टात कारकून. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायचं हे तिथून पक्कं झालं. पण शिकायचं कुठं? गोपाळरावांनी वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला मदतीसाठी पत्र लिहिलं. उत्तराचा सूर होता, आधी ख्रिस्ती व्हा. ते जोशींना मान्य नव्हतं. वाइल्डरनी मात्र हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मासिकात छापून टाकला.

आता इथं गंमत बघा. न्यू जर्सीत रोझेल नावाचं छोटंसं गाव आहे. तिथल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. समोर तेच मासिक पडलेलं. त्यांनी ते वाचलं आणि १८८० मध्ये थेट आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पुढची तीन वर्षं पत्रं जात-येत राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

म्हणजे आनंदीबाईंनी अमेरिका निवडली नव्हती. त्यांनी एक घर निवडलं होतं, आणि ते घर योगायोगानं अमेरिकेत होतं.

७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोट सुटली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला लागली. वय १८ वर्षं. सोबतीला मिशनरी बायका, नवरा मागेच राहिलेला. उतरल्यावर मुक्काम रोझेलला, मावशीकडे. आमच्या इंजिनिअर मंडळींसाठी एक माहिती: याच रोझेलमध्ये त्याच वर्षी १९ जानेवारीला एडिसनने खांबांवरच्या तारांमधून अख्ख्या गावाला वीज देऊन दाखवली होती. आजच्या भाषेत सांगायचं तर आनंदीबाई पायलट प्रोजेक्टच्या गावात उतरल्या!

मग कॉलेज. फिलाडेल्फियातलं बायकांचं मेडिकल कॉलेज १८५० पासून चालू होतं. रोझेलपासून अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत. तिथल्या डीन रेचल बॉडली यांनी प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही मिळाली. ११ मार्च १८८६ ला पदवी हातात आली.

पण या निवडीची किंमतही मोठी होती, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पत्ता पक्का असला तरी हवा आपली नसते. तिथली थंडी, परकं जेवण आणि त्यात क्षयरोग. भारतात परतल्या त्या आजारी अवस्थेतच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. वय २२ सुद्धा पूर्ण नव्हतं.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्या इंग्लंडमध्ये शिकत-शिकवत होत्या. डीन बॉडलींनी आनंदीबाईंच्या पदवीदानाचं आमंत्रण पाठवलं. रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला पोचल्या. बेत थोड्या दिवसांचा होता. राहिल्या अडीच वर्षांहून जास्त!

त्यांच्याकडे एक पत्ता होता आणि एक प्रश्न होता: विधवा मुलींसाठी शाळा काढायची, तर ती कशी चालवायची आणि पैसा कुठून आणायचा? पुढचं प्रत्येक ठिकाण या प्रश्नानं ठरवलं. फिलाडेल्फियात थांबल्या, कारण तिथं बालवाडीची शिक्षणपद्धत शिकता आली. १८८७ मध्ये हिंदू स्त्रियांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक तिथंच निघालं. बॉस्टनला गेल्या, कारण तिथं मदतीला लोक उभे राहिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तिथं रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि दहा वर्षं पैसे पाठवायची हमी मिळाली. मग गावोगाव भाषणं करत पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेल्या. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतची रेल्वे १८६९ मध्येच जोडली गेली होती, तिचा हा उपयोग. १८८८ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोहून निघाल्या आणि जपानमार्गे मुंबईत आल्या.

आल्यावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. त्याच वर्षी त्यांचं अमेरिकेवरचं मराठी पुस्तकही आलं, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. त्यात राज्यव्यवस्था, घरं, शाळा, बायकांची स्थिती, धंदे, सगळं आहे. एवढं दिसलं, कारण त्या एकेका ठिकाणी पुरेसा वेळ थांबल्या.

मला यातून जे कळतं ते साधं आहे. देश मोठा असेल तर नकाशावर बोट ठेवून ठिकाणं निवडू नका, कारण नकाशा कधी संपत नाही. आधी तुमचा माणूस शोधा, नाहीतर तुमचा प्रश्न शोधा. चुलतभाऊ न्यू जर्सीत असेल तर त्याच्याकडे चार दिवस राहा, त्याच्यासोबत किराणा आणायला जा, आणि तिथून रेल्वेनं जे गाठता येईल ते बघा. कॅलिफोर्निया कुठं पळून जात नाही. आणि हो, हवामान आधी बघा. यवतमाळच्या उन्हाची सवय तिथल्या जानेवारीत काही कामाची नाही.

पूर्व किनाऱ्यावर असाल तर दोन ठिकाणं माझ्याकडून यादीत टाका. एक फिलाडेल्फिया. आनंदीबाईंचं कॉलेज पुढे ड्रेक्सेल विद्यापीठात सामावलं, आणि जपान व सीरियाच्या मैत्रिणींसोबतचा त्यांचा १८८५ चा प्रसिद्ध फोटो तिथल्या संग्रहात आहे. दुसरं पोकीप्सी. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरून लोकलनं साधारण दोन तास. आनंदीबाई गेल्यावर गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी मावशीकडे पाठवल्या. कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, तिथल्या स्मशानभूमीत, त्यांची समाधी आहे. जिच्या पत्त्यावर ही पोरगी एकटी निघाली होती, तिच्याच घरच्यांमध्ये ती आज आहे.

इथं बघण्यासारखं फार काही नाही, एक दगड आहे. पण एक दिवस काढून नक्की जा.

चला, भेटू पुढच्या भागात.