घाटातला गिअर

1984 साली माझं अवजड गाडीचं लायसन हातात आलं, तेव्हा मी ते गावभर दाखवून आलो. पण गाडी कोणी देईना. ज्या शेठकडं जावं तो विचारायचा, "अनुभव किती?" अनुभव गाडीवर बसल्याशिवाय येत नाही आणि अनुभव नसलेल्याला गाडीवर कोणी बसवत नाही. त्या काळी यातून सुटायची एकच वाट होती, किन्नरकी. क्लीनरला आमच्याकडं किन्नर म्हणत. चार वर्षं ती केलीच होती. लायसन खिशात घेऊन आणखी आठ महिने केली.

किन्नरानं रेडिएटरात पाणी भरायचं, टायरवर टॉमी मारून आवाजावरून हवा ओळखायची, ताडपत्री ओढायची, दोर आवळायचे, रात्री उस्तादाला डुलकी येऊ नये म्हणून बोलत राहायचं. पहाटे रस्ता मोकळा दिसला की उस्ताद स्टिअरिंग देई. गाडी टाटा 1210. पॉवर स्टिअरिंग नव्हतं, वळणावर खांदे भरून यायचे. गिअर टाकताना क्लच दोनदा दाबायचा आणि इंजिनाचा सूर कानानं जुळवायचा. चुकलं की खालून खर्रकन आवाज येई आणि शेजारून शिवी.

माल म्हणजे लासलगावचा कांदा. मुंबईचा कांदा-बटाटा बाजार तेव्हा तुर्भ्याला हलला होता. नाशिक, इगतपुरी, कसारा, मग ठाणे-बेलापूर रस्त्यानं पहाटेच्या आत बाजार गाठायचा. इगतपुरी सुटली की घाटनदेवीला हात जोडायचे आणि घाट उतरायला लागायचं. शेजारच्या रेल्वेच्या घाटात गाडी सुटली तर तिला अडवायला आडमार्ग ठेवलेले असतात. ट्रकला आडमार्ग नाही, त्याला फक्त गिअर. उस्ताद सांगायचा, "ज्या गिअरात चढशील, त्याच गिअरात उतर. ब्रेक थांबायला असतो, उतरायला नाही."

एकदा उस्तादाला हिवताप झाला. माल भरलेला, बाजार धरायचा. शेठनं किल्ली माझ्याकडं फेकली. सोबत चौदा-पंधरा वर्षांचा नवा किन्नर दिला. पहिली खेप सुखरूप झाली. चुकलो ते दुसऱ्या खेपेला.

शेठ डिझेल मोजून देई. त्यातून जे वाचेल ते ड्रायव्हरचं. म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची चाल पडली होती. इंजिन ओढत नाही, डिझेल वाचतं. उस्तादानं हे कधी करू दिलं नव्हतं. पण त्या रात्री उस्ताद शेजारी नव्हता, आणि आईला लुगडं घ्यायचं मनात होतं.

पावणेदोनशे गोण्या पाठीवर घेऊन गाडी सुटली. दोन वळणं ब्रेकवर निभावली. तिसऱ्याला जळका वास आला आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागला. गिअर टाकायला गेलो तर तो पडेना, नुसती खरखर. मी डोंगराच्या अंगाला गाडी दाबली, चाक नाल्यात उतरवलं, पत्रा दगडाला घासत गेला. वेग मोडला, तरी गाडी सरकतच होती. मी ओरडलो, "ठोकळा लाव!" पोरगं लाकडी ठोकळा घेऊन खाली उडी मारून चाकाशी वाकलं.

गाडी थांबली. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट मात्र ठोकळा आणि चाकाच्या मध्ये सापडलं. कसाऱ्याला डॉक्टरला उठवलं. बोट वाचलं नाही.

शेठला सांगितलं, टायर बदलताना जॅक सुटला. न्यूट्रलचं सांगितलं असतं तर किल्ली गेली असती. पोरानं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. त्याच्या दवापाण्याला मी दोन महिन्यांचा पगार दिला. लुगडं दिवाळीनंतर आलं.

पुढं 1988 चा मोटार वाहन कायदा आला. आधी वर्षभर हलक्या गाडीचं लायसन, मग ट्रकचं, असा नियम झाला. घाटात येण्याजाण्याचे रस्ते वेगळे झाले. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागला आणि मुंबईचे जकात नाकेही उठले. गाड्यांना पॉवर स्टिअरिंग आलं, आणि किन्नर ठेवणं मालकांना परवडेनासं झालं. आता कितीतरी गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच असतो. त्याला शिवी देणारं शेजारी कोणी नसतं.

मागच्या वर्षी शेजारच्या गावचा एक पोरगा लायसन घेऊन माझ्याकडं आला. माझ्याही तोंडून तेच निघालं, "अनुभव किती?" मग ओशाळलो. त्याला गाडी दिली, आणि सहा खेपा त्याच्या डाव्या बाजूला, किन्नराच्या जागेवर मी बसलो. पहिल्याच खेपेला घाटात त्याचा हात न्यूट्रलकडं गेला. मी त्याचा हात धरला आणि बोटाची गोष्ट सांगितली. त्याआधी ती कोणालाच सांगितली नव्हती.

माझा तो जुना किन्नर आज दोन गाड्यांचा मालक आहे. लग्नकार्यात भेटतो. बोटाचं कोणी विचारलं की तो अजूनही म्हणतो, "टायर बदलताना जॅक सुटला." मी शेजारी उभा असलो तरी.