गवत मुंबईला, पेंढा गोठ्यात

"चांगलं ते विकायचं, उरलं ते चारायचं," असं आमचे वडील म्हणत. ते गवताबद्दल बोलत. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आमचं गाव कल्याण तालुक्यात. जमीन दोन तऱ्हेची. खाली भाताची खाचरं, वर वरकस. वरकसावर दोन-तीन वर्षं नाचणी-वरी घ्यायची, मग ती गवताला सोडायची. हेच गवत आमचं रोख पीक झालं, ते मुंबईमुळे. १८५३ साली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्या वर्षी कल्याणला. मुंबईत व्हिक्टोरियाचे घोडे, गाड्यांचे बैल, तबेल्यातल्या म्हशी. १८७४ पासून तर ट्रामसुद्धा घोडेच ओढत. एवढी जनावरं, पण शहरात चरायला माळ कुठला? त्यांची पोटं ठाणे जिल्ह्यानं भरली. वखारीत गवताच्या गाठी दाबायच्या नि गाडीत चढवायच्या, हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला.

पैसा व्यापाऱ्याचा आणि जमीनमालकाचा. कापणाऱ्याच्या हाती काय? १९४५ साली डहाणू-उंबरगावचे वारली गोदावरी परुळेकरांच्या साथीनं संपावर उभे राहिले. पाचशे रतल गवत कापायला अडीच रुपये द्या, ही त्यांची मागणी. त्यापायी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. गवताला असा इतिहास आहे.

आता जनावराच्या बाजूनं बघा. आमचं गवत आश्विनात फुलोऱ्यावर येतं. त्यात तेव्हा पाच-सहा टक्के प्रथिनं असतात. पण नेमकी तेव्हाच भातकापणी तोंडावर, आणि पावसाचाही भरवसा नाही. म्हणून विळा लागायचा दिवाळीनंतर. तोवर बी झडलेलं, काडी कडक झालेली. प्रथिनं दोन-तीन टक्क्यांवर येतात. व्यापारी काट्यावर वजन बघायचा, कस कोण बघतो? त्यातलंही बरं ते गाठीत जायचं. आमच्या गोठ्यात भाताचा पेंढा. त्यात प्रथिनं तीन-चार टक्के, तीही जनावराला फारशी लागू पडत नाहीत. पेंढ्यानं पोट भरतं, अंग भरत नाही. पेंड यायची ती गाय व्याली तर. शेंगदाण्याच्या पेंडीत चाळीस टक्क्यांवर प्रथिनं, पण ती विकत घ्यायला पैसा लागतो.

म्हशाच्या जत्रेतून आणलेला आमचा एक बैल होता. एका ज्येष्ठात नांगराला जुंपला, दोन तास फिरला आणि चिखलात बसला तो उठलाच नाही. आईनं मीठ-मिरच्या ओवाळल्या. वडील म्हणाले, नजर लागली. त्या साली शेजाऱ्याचा बैल मागून आवणी केली, तीही उशिरा. आज वाटतं, नजर कसली! सहा महिने नुसता पेंढा खाऊन तो भरल्या पोटी उपाशी होता.

पुढं जनावरांच्या डॉक्टरांनी मला एक रीत शिकवली. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया, पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडायचा, तुडवून हवाबंद झाकायचा, एकवीस दिवसांनी उघडायचा. वास उडाला की मोठ्या जनावराला थोडा थोडा घालून सवय लावायची. लहान वासराला देऊ नये, आणि युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नये. प्रथिनं जवळजवळ दुप्पट होतात. ही रीत वडिलांना माहीत असती तर, असं मनात येतं. पण मग वाटतं, त्यांच्या हाती तर याहून सोपा उपाय होता. चार भारे गवत वेळेवर कापून घरच्या बैलाला ठेवायचे. तेवढंही ठेवता आलं नाही, कारण व्यापाऱ्याची उचल आधीच घेतलेली असायची.

आता आमच्या वरकसावर इमारती झाल्या. गवताच्या गाठी भरून गाडी जाताना नातवंडांनी पाहिलेली नाही. माझ्याकडे दोन गाई आहेत आणि बांधाचं गवत. यंदा घटस्थापनेलाच विळा लावला. दोनदा पावसात भिजलं, तिसऱ्या उन्हात वाळलं. एकही पेंडी विकली नाही.