दुष्काळ, तुरुंग आणि गिरणी : कोकणी कामगाराच्या ताटाचे मोजमाप

गिरणगावातला कामगार दिवसाला किती धान्य खात असे? प्रश्न साधा आहे. मात्र १९२३ साली मुंबई सरकारच्याच एका अहवालाने त्याचे जे उत्तर छापले, ते आजही वाचणाऱ्याला थांबवते.

आधी थोडे विजयदुर्गाकडे पाहू. आज सिंधुदुर्गात असलेले हे बंदर १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात, देवगड तालुक्यात होते. सगळा मुलूख कातळाचा. भात पिकायचे ते खलाटीत, आणि वरकस जमिनीत नाचणी, वरी, हरीक. जिल्ह्याचे धान्य जिल्ह्याला पुरत नसे. म्हणून माणसे आगबोटीने मुंबईस जात. गिरण्यांतील मजुरांत रत्नागिरीकरांचा भरणा सर्वाधिक होता, तो यामुळेच. तेव्हा ‘मुंबईचा कामगार काय खातो’ हा प्रश्न बऱ्याच अंशी कोकणी माणसाच्या ताटाचा प्रश्न होता.

हे ताट मोजायचे माप मात्र दुष्काळात घडले होते. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. खडी फोडणाऱ्या माणसाला एवढे पुरते की नाही, यावर वाद पेटला. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी विरोध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे तक्रारी धाडल्या. पुढे दुष्काळ संहिता आल्या आणि माणूस जगवण्यास किती धान्य लागते, याचे आकडे सरकारी कागदांत स्थिरावले. तुरुंगांच्या नियमावलीतही कैद्याचा आहार असाच वजनाने ठरलेला असे.

पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली, संप झाले. १९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस स्थापन केले आणि फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी झाली. पद्धत चुलीपाशी तराजू लावण्याची नव्हती. महिन्याचा खर्च विचारायचा आणि त्यावरून धान्य काढायचे. आजच्या उपभोग-खर्चाच्या पाहण्यांचा गाभाही हाच आहे.

निष्कर्ष असा : कामगाराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळ संहितेच्या कमाल मापाइतके होते, पण मुंबई इलाख्याच्या तुरुंग नियमावलीतील आहारापेक्षा कमी. सुताच्या गिरणीत दहा तास उभा राहणारा माणूस कैद्याहून कमी धान्य खात होता, आणि हे कोणा पुढाऱ्याचे भाषण नव्हते, सरकारी छपाई होती.

याच पाहणीत कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ५७ टक्के भाग अन्नावर जात होता. १९३२-३३ च्या दुसऱ्या पाहणीत तो सुमारे ४७ टक्क्यांवर आला. यावरून कामगार सुखावला असे म्हणण्याचा मोह होतो, तो आवरावा. मधल्या काळात जागतिक मंदीने धान्याचे भाव कोसळले होते, आणि घरभाड्याचा वाटा सुमारे ८ वरून १३ टक्क्यांवर चढला होता. टक्केवारी खर्चाची असते, घासाची नव्हे. अशा दोन पाहण्यांची तुलना करताना भाव आणि वजन वेगळे काढल्याशिवाय आहार सुधारला की खालावला, हे कळत नाही.

आणखी एक गोष्ट. खाणावळीत जेवणाऱ्या एकट्या पुरुषांची नोंद १९२१-२२ च्या पाहणीत स्वतंत्र घेतली गेली. त्यांची बायकामुले मात्र गावी होती. मनिऑर्डरने आलेल्या त्या पैशांतून विजयदुर्गाकडच्या घरात पावसाळ्यात, बोटी बंद असताना, पेजेत किती तांदूळ पडत होता आणि किती नाचणी, हे शहरापुरत्या त्या पाहणीच्या कक्षेत आलेच नाही.