सायकल शर्यतीत प्रत्येक जण पहिला यायला धावत नसतो! स्प्रिंटर, क्लायंबर, डोमेस्टिक म्हणजे कोण? समजून घ्या रत्नागिरीच्या रस्त्यांवरून

मार्क कॅव्हेंडिश हा ब्रिटिश सायकलपटू टूर डी फ्रान्समध्ये तब्बल ३५ टप्पे जिंकलाय. ३ जुलै २०२४ ला त्यानं पस्तिसावा टप्पा जिंकला आणि बेल्जियमच्या एडी मर्क्सचा ३४ टप्प्यांचा जुना विक्रम मोडला. पण या गड्यानं टूर डी फ्रान्स ही स्पर्धा एकदाही जिंकलेली नाही.

आता उलटं उदाहरण बघा. २०१७ मध्ये ख्रिस फ्रूमनं टूर डी फ्रान्स जिंकली. त्या वर्षी त्यानं किती टप्पे जिंकले होते? एकही नाही.

दर जुलैमध्ये या स्पर्धेचे व्हिडिओ फोनवर यायला लागले की नवीन माणूस इथंच गोंधळतो. काल जिंकलेला आज अर्धा तास मागे पडतो आणि त्याच्या संघाला त्याचं काहीच वाटत नाही. असं का?

कारण रोड सायकलिंगमध्ये सगळे एकाच गोष्टीसाठी शर्यतीत उतरत नाहीत. क्रिकेटमध्ये ओपनर, फिनिशर आणि स्पिनर यांची कामं वेगळी असतात, तसंच इथं आहे. हे समजायला युरोपात जायची गरज नाही. रत्नागिरी शहरातून बाहेर पडणारे तीन-चार रस्ते डोळ्यांसमोर आणले तरी पुरे.

आधी दोन शत्रू ओळखा: वारा आणि चढ

सपाट रस्त्यावर सायकलपटूची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणूनच सायकलपटू एकमेकांच्या मागे चिकटून जातात. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की मागच्याची बरीच मेहनत वाचते. शंभर-दीडशे जणांचा तो मोठा घोळका, ज्याला पेलोटॉन म्हणतात, तो यासाठीच असतो.

चढ लागला की हिशोब बदलतो. वेग कमी होतो, त्यामुळे वाऱ्याचा त्रास घटतो आणि अंगाचं वजन आडवं येतं. इथं नुसती ताकद बघत नाहीत, तर वजनाच्या दर किलोमागे किती वॅट निघतात ते बघतात. मोठ्या घाटात अर्धा तास किलोमागे साधारण ६ वॅट काढणारा गडी जगातल्या उत्तम चढणाऱ्यांमध्ये धरला जातो. ६० किलोच्या माणसाला त्यासाठी ३६० वॅट लागतात, ८० किलोच्या माणसाला ४८०.

सगळे प्रकार या एका हिशोबातून निघालेत.

१. स्प्रिंटर: भाट्याचा सरळ रस्ता

भाट्याचा पूल ओलांडला की किनाऱ्यालगत, सुरूच्या बनाशेजारून सपाट रस्ता लागतो. शर्यतीची शेवटची रेषा अशा ठिकाणी असली की दिवस स्प्रिंटरचा.

स्प्रिंटर दिवसभर घोळक्यात लपून ताकद राखतो. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये त्याचे सोबती एकामागे एक रांग लावून त्याला वाऱ्यापासून वाचवत पुढे आणतात. याला लीड-आऊट म्हणतात. शेवटचा सोबती बाजूला होतो तेव्हा रेषा साधारण २०० मीटरवर असते. मग दहा-पंधरा सेकंदांचा स्फोट आणि ताशी ७० किलोमीटरच्या आसपासचा वेग. कॅव्हेंडिश या कामातला उस्ताद.

पण दणकट मांड्या घाटात जड होतात. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते आणि ती चुकली की स्पर्धेतून बाहेर. २०१८ च्या टूरमध्ये आल्प्सच्या एका टप्प्यावर कॅव्हेंडिश असाच बाहेर पडला होता. म्हणजे डोंगरातल्या दिवशी स्प्रिंटर जिंकायला जात नाही, तो स्पर्धेत टिकायला जातो.

२. पाँशर: आरे-वारेचे चढ

नाव फ्रेंच आहे, पंक्चरशी काही संबंध नाही. छोट्या पण उभ्या चढावर एकदम जोर काढून बाकीच्यांना मागे टाकणारा तो पाँशर.

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला सायकलनं गेलेल्यांना हा प्रकार पायांनीच कळलेला असतो. समुद्र बघत उतरायचं, वळण घेतलं की पुन्हा चढायचं. चढ लांब नसतात, पण श्वास पुरा व्हायच्या आत पुढचा येतो.

बेल्जियममधल्या फ्लेश वालोन या शर्यतीचा शेवट मूर द ह्यू नावाच्या चढावर होतो. लांबी जेमतेम १.३ किलोमीटर, पण सरासरी चढ साडेनऊ टक्क्यांच्या पुढे, म्हणजे १०० मीटर जाताना साडेनऊ मीटरहून जास्त उंची गाठायची. स्पेनचा आलेहांद्रो वाल्व्हर्दे इथं पाच वेळा जिंकला. फ्रान्सचा ज्युलियन अलाफिलिप तीनदा जिंकला आणि २०२० व २०२१ असा सलग दोनदा विश्वविजेताही झाला.

३. क्लायंबर: आंबा घाट

साखरपा सोडून कोल्हापूरच्या दिशेनं निघालं की आंबा घाट सुरू होतो. इथं जोराचा एक झटका कामाचा नाही. एकच लय धरून बराच वेळ चढत राहावं लागतं.

क्लायंबर बहुतेक वेळा हलका आणि बारीक असतो. कोलंबियाचा नैरो किंताना हे त्याचं ठळक उदाहरण. उंची १.६७ मीटर. त्याचं घर अँडीज पर्वतात आणि शाळा कित्येक किलोमीटर दूर, त्यामुळे ये-जा सायकलनं. त्यानं २०१४ मध्ये इटलीची मोठी शर्यत, जिरो द इतालिया, जिंकली. टूर डी फ्रान्समध्ये उत्तम क्लायंबरला लाल ठिपक्यांची पांढरी जर्सी मिळते.

क्लायंबरची अडचण सपाटीवर असते. समोरून वारा आला की हलक्या अंगाच्या माणसाला आडोसा शोधावा लागतो.

४. रूलर आणि टाइम ट्रायलवाला: सड्यावरचा वारा

भाट्याहून पावसकडे जाताना चढ संपला की जांभ्या दगडाचा सडा लागतो. झाडं कमी, दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा आणि अंगावर ऊन. अशा रस्त्यावर तासन् तास एकाच वेगानं सायकल हाकणारा तो रूलर.

हे गडी उंच आणि वजनदार असतात. वजनाचा सपाटीवर फारसा तोटा होत नाही, ताकदीचा मात्र पुरा फायदा मिळतो. स्वित्झर्लंडचा फाबियन कान्चेलारा याच जातीचा. दगडी फरसबंदीवरून जाणारी पॅरिस-रुबे ही शर्यत त्यानं २००६, २०१० आणि २०१३ मध्ये जिंकली.

याच ताकदीचा दुसरा उपयोग टाइम ट्रायलमध्ये होतो. तिथं सायकलपटू एकेकटा सुटतो, कुणाचा आडोसा घेता येत नाही आणि फक्त घड्याळ बघितलं जातं. इटलीच्या फिलिप्पो गान्नानं ८ ऑक्टोबर २०२२ ला बंदिस्त ट्रॅकवर एका तासात ५६.७९२ किलोमीटर अंतर कापून विश्वविक्रम केला.

५. डोमेस्टिक: राबणारे गडी

या फ्रेंच शब्दाचा अर्थ घरगडी. ऐकायला वाईट वाटतं, पण या माणसांशिवाय एकही मोठी शर्यत जिंकता येत नाही.

टूर डी फ्रान्समध्ये एका संघात आठ जण असतात. त्यातले बहुतेक आपल्या प्रमुखासाठी राबतात. मागच्या गाडीकडे जाऊन जर्सीत बाटल्या कोंबून आणणं, पुढे राहून वारा खाणं, प्रमुखाची सायकल बिघडली तर आपली काढून देणं, हे त्यांचं रोजचं काम. काम संपलं की ते मागे पडतात आणि निकालात त्यांचं नाव खाली कुठंतरी असतं.

कधीतरी नशीब फिरतंही. अमेरिकेचा सेप कुस असाच राबणारा क्लायंबर. २०२३ मध्ये त्यानं संघातल्या प्रिमोझ रॉग्लिचला जिरो आणि योनास विंगेगार्डला टूर जिंकायला मदत केली. त्याच वर्षी स्पेनच्या वुएल्टा शर्यतीत तो स्वतःच विजेता ठरला.

६. ऑलराउंडर: सगळं जमणारा

तीन आठवड्यांची स्पर्धा सर्व टप्पे मिळून सर्वात कमी वेळ घेणारा जिंकतो. त्यामुळे त्याला घाटात टिकावं लागतं आणि टाइम ट्रायलमध्येही मार खाऊन चालत नाही. टप्पा जिंकला नाही तरी चालेल, पण वेळ गमवायचा नाही. फ्रूमचं २०१७ चं कोडं इथं सुटतं.

आजचा सर्वात मोठा ऑलराउंडर म्हणजे स्लोव्हेनियाचा ताडेई पोगाचार. त्यानं २०२०, २०२१, २०२४ आणि २०२५ अशा चार वेळा टूर डी फ्रान्स जिंकली. २०२४ मध्ये तर जिरो, टूर आणि विश्वविजेतेपद एकाच वर्षात.

मग घाटात वाढलेला मुलगा क्लायंबर होतो का?

किंतानाकडे बघून तसं वाटतं. पण विंगेगार्डचं काय? तो डेन्मार्कचा. त्या देशातलं सर्वात उंच ठिकाण १७१ मीटरही भरत नाही. आंबा घाट याच्या कितीतरी वर जातो. हा मुलगा व्यावसायिक होण्याआधी सायकलिंग सांभाळून मासळीच्या कारखान्यात काम करायचा. मिरकरवाडा बंदर बघितलेल्या रत्नागिरीकराला ते काम नव्यानं सांगायला नको. त्याच विंगेगार्डनं २०२२ आणि २०२३ मध्ये टूर जिंकली, तीही घाटांमध्ये पोगाचारला मागे टाकून.

म्हणजे तुम्ही कोणत्या प्रकारचे सायकलपटू होणार हे बऱ्याच अंशी शरीर ठरवतं. रस्ता ते फक्त उघड करतो. आणि इथंच रत्नागिरीचा फायदा आहे. सपाट किनारा, उभे चढ, वाऱ्याचा सडा आणि सह्याद्रीचा घाट, सगळं एकाच जिल्ह्याच्या आवाक्यात. आपला प्रकार शोधायला लांब जावं लागत नाही.

महाराष्ट्राला हे आधीपासून माहीत आहे

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वात आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब देतात. पुण्यात पहिला कोण आला हा वेगळा प्रश्न. टूर डी फ्रान्समध्ये ठिपक्यांच्या जर्सीमागे जी कल्पना आहे, तीच ही.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या २.२ दर्जाच्या या शर्यतीत ४३७ किलोमीटरचं अंतर टप्प्याटप्प्यानं कापायचं होतं आणि पुणे जिल्ह्यातले घाट त्यात होते.

आणखी एक जात आपल्याकडे रुजलीय, ती म्हणजे लांब पल्ल्याची. अमेरिका आडवी पार करणारी रेस अक्रॉस अमेरिका साधारण ४,८०० किलोमीटरची. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती जोडीनं पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं पूर्ण केली. तिथं स्फोटक ताकदीपेक्षा कमी झोप, पोटात टिकणारं खाणं आणि डोकं शांत ठेवणं जास्त कामाला येतं.

तुमचा प्रकार कसा ओळखाल?

- सपाटीवर शेवटच्या २०० मीटरमध्ये मित्र मागे पडतात? तुमच्यात स्प्रिंटर आहे.
- दोन-तीन मिनिटांच्या उभ्या चढावर पुढे जाता, पण लांब घाटात दम संपतो? पाँशर.
- सुरुवातीला मागे राहून घाटमाथ्यावर पुढे असता? क्लायंबर.
- समोरून वारा असताना सगळे तुमच्या मागे लपतात? रूलर.

फक्त एक गोष्ट सांभाळा. आंबा घाटात अवजड वाहनं असतात आणि पावसाळ्यात दरडींचा धोका असतो. पहाटे, हेल्मेट आणि मागचा लाल दिवा लावून, शक्यतो सोबत घेऊनच जा.

गावोगावच्या शर्यतींमध्ये बक्षीस बहुतेक वेळा रेषा पहिली ओलांडणाऱ्याला मिळतं. सपाट रस्त्यावर हरलेली एखादी मुलगी किंवा मुलगा ‘आपल्याला सायकल जमत नाही’ म्हणून थांबतो, आणि कदाचित त्याला घाट कधी मिळालेलाच नसतो. पुढची शर्यत भरवताना मधल्या चढावर एक रेषा आखून तिथंही एक बक्षीस ठेवलं, तर खर्च फारसा वाढणार नाही. पण तो गडी कोण आहे हे त्याला आणि गावाला कळेल.