पहिली तीन गाणी, फ्लॅश बंद

मुंबईत धोबीतलावला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी रंगभवन हे खुलं नाट्यगृह आहे. तिथे १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉक महोत्सव सुरू केला आणि कॉलेजच्या पोरांनी त्याचं लगेच ‘आय-रॉक’ केलं. उदय बेनेगल गायला आणि महेश तिनईकर गिटारवर असलेला ‘रॉक मशीन’ हा मुंबईचा बँड, पुढे १९९३ मध्ये ज्याचं नाव ‘इंडस क्रीड’ झालं, त्याच काळातला. हे संगीत ऐकणाऱ्यांच्या आठवणी भरपूर आहेत. चित्रं मात्र कमी, आणि जी आहेत त्यांत एक माणूस सतत गायब असतो. तो म्हणजे ड्रमर.

त्याचं कारण स्टेजवरच्या दिव्यांत आहे. रॉकच्या स्टेजवर तेव्हा ‘पार कॅन’ लागायचे. पत्र्याच्या नळकांड्यात हजार वॉटचा हॅलोजन दिवा आणि तोंडाशी लाल, निळा, पिवळा जिलेटीनचा कागद. झोत पुढच्या माइकवर. ड्रमर सर्वांत मागे, झांजांच्या आड, आणि हात सर्वांत वेगात त्याचेच. ४०० एएसएच्या फिल्मवर, एफ २ च्या लेन्सने, गायकाच्या चेहऱ्यासाठी साधारण एक साठांश सेकंदाचा शटर मिळे. उभ्या गायकाला तेवढा पुरतो. डोकं झटकणाऱ्या गिटारवाल्याला पुरत नाही. ड्रमरचा तर प्रश्नच नव्हता.

यावर उपाय होता फिल्म ‘पुश’ करण्याचा. कोडॅकची ट्राय-एक्स ३५ मिलिमीटरमध्ये १९५४ साली आली आणि जगभरच्या वृत्तछायाचित्रकारांनी तिच्यावर रात्री काढल्या. मीटर ४०० ऐवजी १६०० वर ठेवायचा, म्हणजे फिल्मला मुद्दाम चौथा हिस्सा उजेड द्यायचा, आणि भरपाई म्हणून डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. शटर एक साठांशवरून एक अडीचशांशवर जातो. फोटोत दाणा जाड होतो, पण रॉकला तो शोभतो. मात्र या युक्तीची मेख अशी की जादा डेव्हलपिंगने उजळ भाग अधिक उजळतो आणि सावलीत काही भर पडत नाही. जिथे उजेड पोचलाच नाही तिथे रसायन तरी काय उठवणार? गायकाचा गाल आणि गिटारची कड लखलखते, मागचं सगळं शाईसारखं काळं. त्या काळातले रॉकचे फोटो एवढे नाट्यमय दिसतात त्याचं निम्मं श्रेय या रासायनिक मर्यादेला द्यायला हवं.

आपल्याकडे आणखी एक अडचण होती, मालाची. आयात फिल्म महाग आणि दुर्मीळ. पूर्व जर्मनीची ‘ऑर्वो’ आणि उटीच्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ ही अनेकांची रोजची भाकरी. काही जण शंभर फुटांचा डबा आणून अंधाऱ्या खोलीत चाचपडत रिकाम्या कॅसेटमध्ये फिल्म भरत. एका डब्यात छत्तीस फोटोंचे अठरा-एकोणीस रोल निघत. डेव्हलपर वीस अंशांवर ठेवायचा असा पाकिटावर छापील नियम, आणि मुंबईच्या नळाचं पाणी उन्हाळ्यात तिशीला टेकलेलं. मग बादलीत बर्फ टाकून तीत डेव्हलपरची बाटली बुडवायची, थर्मामीटर हातात धरून बसायचं. मैफल संपल्यावर मध्यरात्रीनंतरची ही दुसरी मैफल.

रंगीत फोटोंचं दुखणं वेगळं. साधी रंगीत फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली, त्यामुळे हॅलोजनखाली माणसं हळद लागल्यासारखी दिसत. निळा फिल्टर लावला की रंग सुधारतो, पण दोन स्टॉप, म्हणजे तीन चतुर्थांश उजेड जातो, आणि अंधारात तेवढं परवडत नाही. दिव्याच्या उजेडासाठी खास रंगीत पारदर्शिका निघाल्या होत्या, पण त्यांची किंमत पाहता बहुतेकांनी कृष्णधवलच धरून ठेवलं.

मग क्षण पकडायचा कसा? इथे खरं कौशल्य दिसतं. गिटारिस्ट उडी मारतो तेव्हा उडीच्या माथ्यावर तो क्षणभर थांबतो, वर जाणं संपलेलं आणि खाली येणं सुरू न झालेलं. एक साठांशवरही तिथे तो स्वच्छ येतो. गायक ओळ संपवून माइकपासून तोंड दूर घेतो, तेव्हा चेहरा मोकळा होतो आणि स्थिरही. गाणं पाठ असलेला फोटोग्राफर म्हणूनच पुढे असे. पार्श्वभूमी काळी असली की कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि चेहरा पांढरा पडतो, म्हणून मोजमाप चेहऱ्यावरच घ्यायचं.

हे सगळं जमूनही नशीब लागतंच. १९६७ च्या जूनमध्ये माँटेरीच्या महोत्सवात जिमी हेंड्रिक्सने गिटार पेटवली, तेव्हा स्टेजलगत खुर्चीवर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या एड कॅराफने तो क्षण टिपला. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये ‘द क्लॅश’च्या पॉल सिमोननने बास गिटार जमिनीवर आपटली. त्याचा फोटो काढणाऱ्या पेनी स्मिथला तो वापरू द्यायचा नव्हता, कारण तो फोकसमध्ये नव्हता. तरी तो बँडच्या ‘लंडन कॉलिंग’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर गेला. तांत्रिक चुकीत त्या रात्रीचा जोर उतरला होता, आणि बँडला ते कळलं हे विशेष.

पुण्यात याच अंधाराशी झुंजणारी दुसरी परंपरा होती. १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव रात्र-रात्र चाले. ऐंशीच्या दशकापासून सतीश पाकणीकरांनी शास्त्रीय गायक-वादकांची जी छायाचित्रं जमवली, त्यांत हातांच्या मुद्रा, मिटलेले डोळे, तानेत ताणलेली मान सगळं आहे. इथे उजेड कमी असला तरी शांत असे, दर सेकंदाला रंग बदलत नसे. पण आलापीत कॅमेऱ्याच्या आरशाचा खटका पहिल्या रांगेला ऐकू जाई, म्हणून तबला भरात येईपर्यंत बोट आवरावं लागे. आणि इथेही मागे तानपुऱ्यावर बसलेला शिष्य अंधारातच राही.

रॉकमध्ये आवाजाची भीती नव्हती, वेळेची होती. अमेरिकेत १९८० च्या दशकात ‘पहिली तीन गाणी, फ्लॅश बंद’ हा नियम रुळला आणि पुढे मोठ्या दौऱ्यांबरोबर सगळीकडे पोचला. फ्लॅशबंदी योग्यच आहे. फ्लॅश स्टेजचा सगळा रंग पुसून टाकतो आणि धुरावर पडला की समोर पांढरी भिंत उभी राहते. तीन गाण्यांची अट मात्र जाचक. कलावंत तापतो, घामाने निथळतो, खरा रंगात येतो तो उत्तरार्धात, आणि तेव्हा फोटोग्राफर फाटकाबाहेर असतो.

हे फोटो छापणार कोण, हाही प्रश्न होता. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ काढलं, आणि देशातल्या बँडना हक्काचं पान मिळालं. ‘रोलिंग स्टोन’ची भारतीय आवृत्ती यायला २००८ उजाडलं. तोवर रंगभवन शांत झालं होतं. आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेज, त्यामुळे ते शांतता क्षेत्रात गेलं आणि आय-रॉकला मुंबईत दुसरी मैदानं शोधावी लागली.

२००७ मध्ये निकॉनचा ‘डी ३’ आला. ६४०० आयएसओवर (जुन्या एएसएचंच नवं नाव) छापण्याजोगा फोटो देणारा हा कॅमेरा रात्रीच्या फोटोग्राफीत मोठी उडी ठरला. २०१० च्या डिसेंबरमध्ये पुण्यात ‘एनएच ७ वीकेंडर’ हा संगीत महोत्सव सुरू झाला, तोवर बर्फाची बादली इतिहासजमा झाली होती. ड्रमर आता दिसू लागला, कपाळावरच्या घामासकट. मग पार कॅनची जागा एलईडीने घेतली आणि नवी डोकेदुखी आली. गडद लाल एलईडीखाली डिजिटल कॅमेऱ्याचा लाल रंग भरून वाहतो आणि नाक-डोळे विरून चेहऱ्याचा नुसता लाल ठिपका उरतो. अशा वेळी फोटो कृष्णधवल करून वाचवतात. वणीत किंवा चंद्रपुरात दुर्गोत्सवाच्या मांडवात ऑर्केस्ट्राचे फोटो घेणाऱ्यालाही हाच लाल दिवा छळतो, आणि मागच्या ऑक्टोपॅडवाल्यासाठी तोच आयएसओ वाढवावा लागतो.

रंगभवनच्या काळातल्या निगेटिव्ह आज कपाटांत आणि माळ्यांवर असतील, तर मुंबईची दमट हवा त्यांचा शत्रू आहे. बुरशी जिलेटीन खाते, जुनी अ‍ॅसिटेट फिल्म आंबट वास सोडत आकसते. त्या आम्लरहित पाकिटांत, सिलिका जेलसह ठेवायला हव्यात आणि लवकर स्कॅन व्हायला हव्यात. कितीही चांगला स्कॅनर आणला तरी पुश केलेल्या फिल्मवर सावलीच्या जागी चांदीच नाही, ती फिल्म तिथे कोरी पारदर्शक आहे. त्यामुळे ड्रमर चित्रातून परत मिळणार नाही. त्याचं नाव मात्र मिळू शकतं. त्या रात्री पुढच्या रांगेत असलेली माणसं आता पन्नाशी-साठीत आहेत. प्रत्येक कॉन्टॅक्ट शीटच्या पाठीवर तारीख, बँड आणि वाजवणाऱ्या सगळ्यांची नावं त्यांच्याकडून आताच लिहून घेता येतील.